हिजरतचे नियोजन आणि व्यापाऱ्याची नवी वही

सर्व स्तुती त्या अल्लाहची, ज्याने चंद्राच्या कला ठरवून दिल्या आणि त्यांच्या आधारे माणसाला वर्षांची गणना शिकवली. दरूद व सलाम त्या अंतिम प्रेषितांवर, ज्यांनी आपणास नमाज शिकवली आणि बाजारात तराजू कसा धरावा हेही शिकवले.



मुहर्रमचा चंद्र दिसला की हिजरी सनाचे नवे वर्ष सुरू होते. आपल्या महाराष्ट्रात व्यापाऱ्याची वर्षे अनेक आहेत. शेजारचा दुकानदार दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडतो. सरकारचा व बँकेचा हिशोब १ एप्रिलपासून चालतो. भिंतीवरचे कॅलेंडर १ जानेवारीला बदलते. या सगळ्यांत मुहर्रमची आठवण बहुधा मशिदीपुरती उरते, दुकानाच्या गल्ल्यापर्यंत ती पोहोचत नाही. वास्तविक हिजरी सन सुरू होण्यास एका व्यवहाराचा कागद निमित्त झाला, असे इतिहासकार सांगतात.

प्रसिद्ध रिवायत अशी आहे : हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीच्या काळात त्यांच्यासमोर देण्याघेण्याचा एक दस्तऐवज आला. त्यात मुदत म्हणून केवळ ‘शाबान’ महिना लिहिलेला होता. हा शाबान गेल्या वर्षीचा, चालू वर्षाचा की येणाऱ्या वर्षाचा, असा प्रश्न हजरत उमर (रजि.) यांनी केला. त्याचे उत्तर त्या कागदात नव्हते. तेव्हा त्यांनी सहाबांना एकत्र बोलावून सल्लामसलत केली. इराणी व रूमी कालगणनेचाही विचार झाला आणि अखेरीस मुस्लिमांची कालगणना हिजरतच्या वर्षापासून मोजावी असे ठरले. ही गोष्ट हिजरतनंतरच्या १६ व्या किंवा १७ व्या वर्षाची. प्रत्यक्ष हिजरत रबीउल अव्वल महिन्यात झाली होती, तरी वर्षाचा पहिला महिना मुहर्रमच ठेवण्यात आला.

कोणाचे किती देणे आहे आणि ते केव्हा फेडायचे आहे, हे स्पष्ट असावे, घेणाऱ्यावर व देणाऱ्यावर अन्याय होऊ नये, ही गरज त्या निर्णयामागे होती. म्हणून वर्षारंभी व्यापारी, कारखानदार, बागायतदार किंवा कंत्राटदार आपल्या पुढील बारा महिन्यांचा विचार करू लागला, तर तो दीनपासून दूर जात नाही. तो या सनाच्या मूळ हेतूकडेच वळत असतो. प्रश्न एवढाच आहे की त्या विचाराची सुरुवात कोठून व्हावी.

तवक्कुल आणि तयारी

या बाबतीत आपल्या समाजात दोन टोकाच्या समजुती आढळतात. काही सज्जन म्हणतात, रोजी देणारा अल्लाह आहे, मग पुढच्या वर्षाचे आडाखे कशाला? असा मनुष्य शिल्लक मालाची मोजदाद करत नाही, उधारीची यादी ठेवत नाही आणि तोटा आला की तकदीरकडे बोट दाखवतो. दुसरीकडे असे सुशिक्षित व्यावसायिक आहेत, ज्यांच्या संगणकावर पुढील पाच वर्षांचे आकडे तयार असतात. पण त्या आकड्यांत अल्लाहच्या इच्छेला आणि अल्लाहच्या बंद्यांच्या हक्काला कोठेही रकाना नसतो.

प्रेषितांनी (स.) पहिल्या प्रकारच्या माणसाला एका उंटाच्या उदाहरणाने उत्तर दिले आहे. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू की बांधून, असे एकाने विचारले असता, आधी बांध व मग तवक्कुल कर, अशा आशयाची शिकवण आपण (स.) दिली. ही हदीस तिर्मिजीमध्ये आहे. कुरआनातही सूरह आले-इमरानच्या १५९ व्या आयतीत हाच क्रम आहे : प्रथम सहकाऱ्यांशी सल्लामसलत, मग पक्का निश्चय आणि त्यानंतर अल्लाहवर भरवसा. जो सल्ला घेत नाही व निश्चयही करत नाही, त्याच्या निष्काळजीपणाला तवक्कुल हे नाव देता येत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी सूरह कहफच्या २३ व २४ या आयती आहेत. उद्या मी अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख सोडू नये, ही ताकीद त्यांत आहे. दुर्दैवाने आपण ‘इन्शाअल्लाह’ या पवित्र शब्दाचे मोल कमी केले आहे. गिऱ्हाईक मालाची तारीख विचारते तेव्हा ठोस उत्तर टाळण्यासाठी आपण इन्शाअल्लाह म्हणतो. हा शब्द उच्चारणाऱ्याने खरे तर आपल्या परीने सर्व तयारी करून उरलेले अल्लाहच्या हवाली केलेले असते.

सौरच्या गुहेचा मार्ग

आता ज्या घटनेवरून आपले वर्ष मोजले जाते, त्या हिजरतकडे पाहू. इ.स. ६२२ मध्ये आदरणीय प्रेषित (स.) मक्का सोडून मदीनेकडे निघाले. अल्लाहचे साहाय्य त्यांच्यासोबत होते, याविषयी कोणा श्रद्धावंताला शंका नाही. तरीही त्या प्रवासाचा तपशील वाचला की तयारी कशाला म्हणतात ते कळते.

हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोन उंटिणी चार महिने बाभळीच्या जातीच्या झाडाचा पाला घालून प्रवासासाठी तयार ठेवल्या होत्या. मदीना मक्केच्या उत्तरेस आहे. परंतु शोध घेणारे उत्तरेच्या वाटेवर धावतील हे ओळखून प्रथम दक्षिणेकडील सौर पर्वताच्या गुहेत तीन रात्री मुक्काम करण्यात आला. हजरत अबू बक्र (रजि.) यांचे तरुण पुत्र अब्दुल्लाह (रजि.) दिवसभर मक्केत वावरून कुरैशची मसलत ऐकत, रात्री ती गुहेत पोहोचवत आणि पहाट होण्यापूर्वी परत जात. आमिर बिन फुहैरा (रजि.) शेळ्या-मेंढ्या चारत संध्याकाळी तेथे आणत, त्यामुळे दुधाची सोय होत असे. शिदोरीचे तोंड बांधण्यास काही नव्हते, तेव्हा हजरत अस्मा (रजि.) यांनी आपल्या कमरेचा पट्टा फाडून दिला. वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित याला मजुरीवर नेमण्यात आले. तो त्या वेळी मुस्लिम नव्हता. पण वाटेचा जाणकार आणि शब्दाचा विश्वासू होता. तीन रात्रींनंतर उंटिणी घेऊन कोठे हजर व्हायचे, हेही त्याच्याशी आधीच ठरले होते.

बंधूंनो, या तपशिलात व्यवस्थापनाचे किती तरी धडे आहेत. काम सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी साधने सिद्ध होती. प्रत्येकाला त्याच्या वयाला व कसबाला साजेसे काम होते. एकाच घरातील तरुण मुलगा, मुलगी आणि सेवेतील माणूस यांना सारख्याच विश्वासाने जबाबदारी दिली गेली. जे कौशल्य आपल्या माणसांत नव्हते ते बाहेरून, योग्य मोबदला देऊन घेतले गेले. आपल्या दुकानात जाणकार हिशोबनीस ठेवण्याऐवजी केवळ नात्यातला म्हणून अनभिज्ञ भाच्याला बसवणाऱ्या व्यापाऱ्याने अब्दुल्लाह बिन उरैकितची नेमणूक पुन्हा वाचावी.

परंतु या नियोजनात आणखी दोन गोष्टी आहेत. आजच्या लेखाचे प्रयोजन त्या दोन गोष्टी हेच आहे.

पहिली गोष्ट उंटिणीच्या किमतीची. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दोनपैकी एक उंटीण प्रेषितांना (स.) अर्पण केली, तेव्हा आपण (स.) ती किंमत देऊनच स्वीकारली. ही गोष्ट सहीह बुखारीत आहे. प्राणावर बेतलेले होते, देणारा जिवलग मित्र होता, घाईचा प्रसंग होता. तरी व्यवहार हा व्यवहार म्हणूनच झाला.

दुसरी गोष्ट अमानतीची. मक्केचे जे लोक प्रेषितांना (स.) विरोध करत होते, त्यांच्यापैकीच कित्येकांनी आपल्या मौल्यवान वस्तू विश्वासाने त्यांच्याकडे ठेवल्या होत्या. त्या वस्तू सोबत नेल्या असत्या तर अडवणारे कोणी नव्हते, आणि जुलूम सोसलेल्या माणसाला मनाची समजूत घालणेही अवघड नव्हते. पण आपण (स.) हजरत अली (रजि.) यांना त्या शत्रूंच्या शहरात मागे ठेवले, ते ज्याची अमानत त्याला पोहोचती करण्यासाठी. इब्ने इसहाक यांच्या सीरतनुसार हजरत अली (रजि.) तीन दिवस-रात्री तेथे थांबले, प्रत्येकाची वस्तू परत केली आणि मगच मदीनेच्या वाटेला लागले.

इस्लामच्या नव्या कालखंडाचा आरंभ असा झाला. पुढे काय मिळवायचे आहे, याआधी लोकांचे काय आपल्याकडे आहे ते चुकते करण्यात आले.

एक दुसरे नियोजन

कुरआनाने आपणास याच्या अगदी उलट असे एक नियोजनही दाखवले आहे. सूरह कलमच्या १७ ते ३३ या आयतींत बागेच्या मालकांची हकिकत आहे. अनेक मुफस्सिरांच्या मते ही बाग यमनमध्ये होती. मालकांचा पिता पुण्यवान होता आणि फळे उतरवण्याच्या दिवशी गोरगरिबांना त्यांचा वाटा देत असे. पित्याच्या मृत्यूनंतर मुलांनी हिशोब मांडला. खर्च वाढला, कुटुंब वाढले, मग हा वाटा द्यावाच कशाला? त्यांनी रात्री मसलत केली की भल्या पहाटे, गरीब माणसे जागी होण्यापूर्वी, सर्व फळे उतरवून घ्यायची. अल्लाहच्या इच्छेचा उल्लेखही त्यांनी केला नाही. पहाटे ते एकमेकांशी कुजबुजत निघाले, जेणेकरून कोणा गरजवंताच्या कानी पाऊल पडू नये. बागेत पोहोचले तर तेथे काहीच नव्हते. रात्रीच्या रात्री बाग कापल्या शेतासारखी उजाड झाली होती. आपण वाट चुकलो की काय, असे त्यांना क्षणभर वाटले.

या दोन नियोजनांतील साम्य पाहा. दोन्हींत गुप्तता होती, वेळेचे भान होते, एकजूट होती, निश्चय होता. व्यवस्थापनाचे केवळ तंत्र शिकवणारा एखादा शिक्षक दोन्हींना सारखेच गुण देईल. भेद तंत्राच्या बाहेर होता. एका नियोजनात शत्रूच्याही अमानती परत करण्यासाठी एक माणूस राखून ठेवला होता. दुसऱ्यात गरिबाचा वाटा बुडवण्यासाठी पहाटेची वेळ राखून ठेवली होती. आपण वर्षारंभी जी योजना आखू, ती या दोहोंपैकी कोणत्या वाटेने जाणारी आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारले पाहिजे.

यातच त्या कथेचा दिलासाही आहे. बाग गेल्यावर ते बंधू शुद्धीवर आले, त्यांच्यातील समंजस भावाने पूर्वीच केलेली सूचना त्यांना आठवली, त्यांनी आपला अपराध मान्य केला आणि पालनकर्त्याकडून याहून चांगल्याची आशा बाळगली. तौबाचे दार व्यापाऱ्यासाठीही उघडे आहे.

वहीचे पहिले पान : दुसऱ्यांचे आपल्याकडे काय आहे?

म्हणून नव्या वर्षाची वही उघडताना पहिल्या पानावर विक्रीचे उद्दिष्ट लिहू नये. पहिल्या पानावर देणी लिहावीत, आणि ती तीन प्रकारची असतात.

पहिले देणे कामगाराचे. घाम वाळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण पुष्कळदा ऐकतो. त्याहून कठोर हदीस बुखारीत आहे. तिचा आशय असा की कियामतच्या दिवशी ज्या तीन माणसांविरुद्ध अल्लाह स्वतः उभा राहील, त्यांत मजुराकडून काम पुरे करून घेऊन त्याची मजुरी न देणारा एक आहे. यंत्रमागाच्या कारखान्यात, बेकरीत, गॅरेजात, बांधकामाच्या जागी कोणाचे किती दिवस थकले आहेत, हे मुहर्रमच्या पहिल्या आठवड्यात कागदावर यावे. जो मजूर कंटाळून गावी निघून गेला, त्याचे देणे त्याच्या जाण्याने संपत नाही.

दुसरे देणे मालाच्या व्यापाऱ्याचे. ऐपत असून देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसमध्ये सांगितले आहे. घाऊक व्यापाऱ्याचे पैसे अडकवून आपण दुसरे दुकान घेतो आणि त्याला धंद्यातील हुशारी समजतो. त्या हुशारीने समोरच्याचा धनादेश परत जातो आणि त्याच्या घरी मुलाची फी अडते. आपल्याकडे खरोखर ऐपत नसेल तर समोर जाऊन सांगावे, मुदत मागावी आणि नवी तारीख लिहून द्यावी. तसेच आपले देणेकरी खरोखर अडचणीत असतील तर त्यांना सवलत द्यावी. सूरह बकराच्या २८० व्या आयतीचा हाच आदेश आहे.

तिसरे देणे घरातलेच आहे, म्हणून ते सर्वांत अधिक विसरले जाते. पिता वारला, दुकान चालूच राहिले, भाऊ गल्ल्यावर बसू लागले. बहिणी सासरी आहेत, त्यांचे लग्न थाटात करून दिले, आता त्यांना काय द्यायचे, असे म्हटले जाते. सूरह निसाच्या ७ व्या व ११ व्या आयतींनी मुलींचा वाटा ठरवून दिला आहे. तो भावांच्या उदारतेवर सोडलेला नाही. लग्नाचा खर्च ही वारशाची फेड नव्हे. वाटणी झाली नसेल तर त्या दुकानाच्या भांडवलात बहिणीची आणि आईची रक्कम आजही गुंतलेली आहे, आणि ज्या विस्ताराची योजना आपण आखत आहोत ती त्यांना न विचारता त्यांच्या पैशावर आखली जात आहे. बहीण संकोचाने मागत नाही, भावाशी नाते तुटेल म्हणून गप्प बसते. तिच्या या मौनाला संमती मानू नये. आधी तिचा हिस्सा मोजून तिच्या ताब्यात द्यावा. मग तिने स्वखुशीने तो धंद्यात ठेवला तर तिचे नाव भागीदार म्हणून लिहावे आणि नफ्याचा वाटा तिच्या घरी पोहोचवावा.

दुसरे पान : जे ठरले ते लिहून ठेवणे

कुरआनातील सर्वांत मोठी आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि तिचा विषय मुदतीच्या व्यवहाराची लेखी नोंद हा आहे. रक्कम लहान असो वा मोठी, ती मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार असावेत, असा तपशील तेथे आहे. हातोहात होणाऱ्या रोखीच्या व्यवहाराला मात्र न लिहिण्याची मुभा आहे. इतक्या स्पष्ट आदेशानंतरही आपल्याकडे लेखी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे समजतात. भाऊ-भाऊ आहोत, कागद कशाला, या एका वाक्याने किती घरे मोडली असतील! धंदा चांगला चालू असतो तोवर कोणाचे काय हे कोणी विचारत नाही. तोटा आला, किंवा घरातील कर्ता पुरुष गेला, की मग इमामसाहेबांना बोलावले जाते. तेव्हा एक म्हणतो मी भागीदार होतो, दुसरा म्हणतो तू पगारावर होतास, आणि ज्याला खरे ठाऊक होते तो कबरीत असतो.

म्हणून या वर्षी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. भांडवल कोणाचे किती आहे. नफा कोणत्या प्रमाणात वाटायचा आहे. तोटा आल्यास तो कोणी सोसायचा आहे. आणि वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगा मदतनीस आहे, पगारदार आहे की भागीदार आहे. हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. एक मुलगा वीस वर्षे दुकानात राबतो, दुसरा परदेशात नोकरी करतो, आणि वडिलांनंतर दोघांच्या मनात वेगवेगळा हिशोब असतो. वडिलांनी हयातीतच हे स्पष्ट केले तर दोन्ही मुलांवर उपकार होतील. भागीदारांपैकी कोणी दुसऱ्याशी बेइमानी करत नाही तोपर्यंत त्या दोघांसोबत तिसरा अल्लाह असतो, असा आशय असलेली हदीस अबू दाऊदमध्ये आहे. त्या सोबतीपुढे एका कागदाचा संकोच किती क्षुद्र आहे!

तिसरे पान : सुबत्तेत टंचाईची तरतूद

हजरत यूसुफ (अ.स.) यांनी मिसरच्या राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, त्यासोबत उपायही सांगितला. सूरह यूसुफच्या ४७ ते ४९ या आयतींनुसार सात वर्षे नेहमीप्रमाणे पेरणी करायची, खाण्यापुरते थोडे काढून उरलेले धान्य कणसातच राखायचे. मग सात वर्षे कठीण येतील व साठा संपवतील. त्यानंतर पावसाचे वर्ष येईल. ५५ व्या आयतीत त्यांनी भांडाराची जबाबदारी मागताना स्वतःचे दोन गुण पुढे केले : राखण्याची प्रामाणिक वृत्ती आणि कामाचे ज्ञान. आजही धंद्यातील नेतृत्वाची यापेक्षा नेमकी कसोटी सांगता येणार नाही. प्रामाणिक पण अजाण माणूस धंदा बुडवतो. जाणता पण अप्रामाणिक माणूस लोकांना बुडवतो.

आपले बहुतेक धंदे हंगामी आहेत. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याचा पैसा दोन-तीन महिन्यांत येतो. मासळीचा धंदा पावसाळ्यात थंडावतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांना तेजी-मंदीचे फेरे नवे नाहीत. तेजीच्या महिन्यात हाती आलेली रक्कम आपण सगळीच कमाई समजतो, आणि ती लग्नाच्या हॉलमध्ये किंवा नव्या मोटारीत जाते. मंदी येते तेव्हा मजुरीलाही पैसा उरत नाही आणि पाय व्याजाच्या कर्जाकडे वळतात. व्याजाविषयी सूरह बकराच्या २७९ व्या आयतीत अल्लाह व त्याच्या प्रेषिताकडून युद्धाची घोषणा आहे. इतका कठोर शब्द फार थोड्या पापांसाठी आला आहे. व्याज वर्ज्य आहे हे सांगणे मिंबरवरून सोपे आहे. ते टाळण्याची वाट मात्र सुबत्तेच्या दिवसांतच बांधावी लागते. प्रत्येक चांगल्या महिन्यातून ठरावीक रक्कम वेगळी काढावी आणि ती पुढच्या मंदीतील मजुरी व भाड्याची आहे असे समजून तिला हात लावू नये. कणसात राखलेले धान्य ते हेच.

चौथे पान : जकातची तारीख

जकात चांद्रवर्षावर फर्ज होते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे असते. सोयीसाठी दरवर्षी ३१ मार्चच्या ताळेबंदावरून जकात काढणारा व्यापारी प्रत्येक वर्षी सुमारे ११ दिवस मागे पडतो. ३३ वर्षांत हे अंतर एका पूर्ण वर्षाइतके होते, म्हणजे एका अख्ख्या वर्षाची जकात त्याच्याकडून राहून जाते. म्हणून हिजरी तारीख निश्चित करून ती वहीत लिहावी आणि दरवर्षी त्याच तारखेला हिशोब करावा. इंग्रजी वर्षाचा हिशोब टाळता येत नसेल, तर अडीच टक्क्यांऐवजी सुमारे २.५८ टक्के काढावेत म्हणजे ही तूट भरून निघते.

हिशोबात दुकानातील विक्रीचा माल त्या दिवशीच्या बाजारभावाने धरावा. रोख, बँकेतील शिल्लक आणि वसूल होण्याची खात्री असलेली उधारी त्यात मिळवावी. यंत्रे, फर्निचर, मालवाहू गाडी, दुकानाची स्वतःची जागा यांवर जकात नाही, कारण ती विकण्यासाठी नसून कामाची साधने आहेत. आपल्यावरील कर्ज वजा करण्याबाबत मात्र मजहबांत फरक आहे. घाटावरील बहुतांश कुटुंबे हनफी आहेत, आणि हनफी फिकहनुसार देणे वजा केले जाते. कोकणातील कुटुंबे शाफई आहेत, आणि शाफई मजहबच्या प्रमाण मतानुसार कर्जामुळे जकात माफ होत नाही. आपल्या मजहबच्या जाणत्या आलिमांकडे ताळेबंद घेऊन जावे. ज्याप्रमाणे करासाठी सल्लागाराकडे जातो, त्याच गांभीर्याने जावे.

नेतृत्वाची जबाबदारी

प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, असा आशय असलेली हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. ज्याच्याकडे दहा माणसे कामाला आहेत, तो दहा चुलींचा रखवालदार आहे. त्याच्या वर्षाच्या योजनेत त्या दहा घरांचाही विचार असला पाहिजे. त्यांची नमाजाची वेळ, आजारपणातील सुट्टी, कसब वाढवण्याची संधी आणि शब्दांतील आदर याही गोष्टी कागदावर याव्यात. त्यांच्यापैकी अनुभवी माणसाला वर्षारंभी जवळ बसवून विचारावे की कोठे नासधूस होते, कोणते गिऱ्हाईक तुटले आणि का. मालकाला जे दिसत नाही ते यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. हजरत उमर (रजि.) यांनी एका तारखेचा प्रश्न सोडवण्यासाठी सहाबांना बोलावले होते, मग आपण आपल्या कामगाराचा सल्ला घेण्यात कमीपणा का मानावा?

सल्ल्यानंतर इस्तिखाराची नमाज पढावी आणि पहाटेची वेळ साधावी. प्रेषितांनी (स.) आपल्या उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकतची दुआ केली आहे. ती हदीस सांगणारे हजरत सख्र गामिदी (रजि.) स्वतः व्यापारी होते. ते आपला माल दिवसाच्या आरंभी पाठवत आणि पुढे धनवान झाले, असे अबू दाऊद व तिर्मिजीमध्ये नमूद आहे. फजरनंतर पुन्हा झोपून अकरा वाजता शटर उघडणाऱ्या तरुण व्यापाऱ्याने या हदीसवर विचार करावा.

खरा दिवाळखोर

प्रेषितांनी (स.) एकदा सहाबांना विचारले की मुफलिस, म्हणजे दिवाळखोर, कोणाला म्हणतात? ज्याच्याजवळ ना दिरहम आहे ना सामान, असे सहाबांनी सांगितले. तेव्हा आपण (स.) जे समजावले त्याचा आशय असा : माझ्या उम्मतचा मुफलिस तो, जो कियामतच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. मग त्याच्या नेकी त्या हक्कदारांना वाटल्या जातील, आणि नेकी संपल्यावर त्यांची पापे त्याच्या माथी टाकली जातील. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

व्यापाऱ्याला हे समजणे कठीण नाही. तेथे देणी नेकीच्या चलनात फेडावी लागतील. येथे पाचशे रुपयांची थकलेली मजुरी आज एका फेरीत, एका फोनवर फिटते. तेथे तिच्यासाठी काय द्यावे लागेल याचा हिशोब कोणापाशी नाही. सूरह हश्रच्या १८ व्या आयतीत प्रत्येक जिवाला आज्ञा आहे की त्याने उद्यासाठी काय पुढे पाठवले ते पाहावे. वर्षारंभीचे नियोजन म्हणजे त्या आज्ञेचे पालन होय. हा ‘उद्या’ पुढच्या मार्चपर्यंत संपत नाही, हे लक्षात ठेवून ते करावे.

तेव्हा या मुहर्रममध्ये एक संध्याकाळ राखून ठेवावी. घरातील मंडळींना जवळ बसवावे, कारण धंद्याच्या देण्यांचा भार उद्या त्यांच्यावरच येणार आहे. कागद घ्यावा, तारीख हिजरी व इंग्रजी दोन्ही लिहावी, आणि प्रथम त्या माणसाचे नाव लिहावे ज्याचे आपल्याकडे काही येणे आहे. ती यादी पूर्ण झाली की मग खुशाल नव्या शाखेचे, नव्या यंत्राचे, नव्या बाजारपेठेचे बेत करावेत. हलाल कमाईची महत्त्वाकांक्षा बाळगण्यास इस्लामने कधीच मनाई केलेली नाही.

हे अल्लाह, आमच्या व्यापारात बरकत दे, आमच्या मापात सचोटी दे, आमच्याकडे अडकलेले लोकांचे हक्क मृत्यूपूर्वी फेडण्याची तौफीक दे. आमच्या भागीदारांची मने जोडून ठेव आणि आमचे नवे वर्ष आमच्यासाठी व आमच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक घरासाठी भल्याचे कर. आमीन.